जीवविद्येचे दप्तर



विज्ञानाचा इतिहास सांगताना आपण शोध लावणाऱ्यांची चरित्रे सांगतो; परंतु लागलेला शोध ज्यांनी नीट नोंदवून, ताडून, पुढच्या माणसाच्या हाती पडेल अशा रीतीने जतन केला, त्या दप्तरदारांची नावे आपल्या कानी क्वचितच पडतात. आजचे व्याख्यान या उपेक्षितांविषयी आहे. जीवशास्त्रज्ञांनी गेल्या साठ वर्षांत आपल्या संशोधनातील मूळ सामग्री सर्वांस खुली करण्यासाठी जी माहितीभांडारे, हल्लीच्या बोलीत डेटाबेस, उभारली, ती केवळ कोणाच्या औदार्यावर उभी नसून दंडकावर आणि नित्याच्या देखभालीवर उभी आहेत, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

१९६५ साली अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह प्रथिनांच्या क्रमांचा एक संग्रह ग्रंथरूपाने सिद्ध केला. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि त्या आम्लांचा अनुक्रम कळला म्हणजे त्या प्रथिनाची कुळकथा कळू लागते. त्या पहिल्या आवृत्तीत ६५ क्रम होते. बाईंनी प्रत्येक आम्लास एकेक अक्षर नेमून दिले आणि ती संक्षिप्त लिपी आजही जगभर चालू आहे. असल्या कामाला त्या काळच्या प्रतिष्ठित मंडळींनी कारकुनी म्हणून नाक मुरडले असल्यास नवल नाही. परंतु या कारकुनीचे फळ १९८३ साली दिसले. कॅलिफोर्नियातील रसेल डूलिटल यांनी स्वतः जमविलेल्या क्रमसंग्रहाशी रक्तातील बिंबिकांपासून निघणाऱ्या एका वृद्धिकारक प्रथिनाचा क्रम ताडून पाहिला, तो माकडांत अर्बुद उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी त्याचे विलक्षण साम्य आढळले. शरीराच्या स्वाभाविक वाढीचा कर्करोगाशी असलेला संबंध असा निव्वळ दोन नोंदींच्या रुजुवातीतून उघड झाला. हीच रुजुवात पुढे १९९० साली 'ब्लास्ट' नामक साधनाने इतकी सुलभ केली, की आज महाविद्यालयातील विद्यार्थीही ती काही क्षणांत करतो.

परंतु सामग्री जमावी कशी, हा खरा प्रश्न होता. १९७१ साली न्यूयॉर्कनजीकच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत 'प्रोटीन डेटा बँक' स्थापन झाली, तेव्हा तिच्या खात्यावर अवघ्या सात रचना जमा होत्या. क्ष-किरणांच्या साह्याने एका प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडण्यात तेव्हा संशोधकाची वर्षानुवर्षे खर्ची पडत. असे कष्टार्जित धन कोण सुखासुखी चव्हाट्यावर मांडील? निबंधात रचनेचे चित्र छापावयाचे, आणि ज्या आकड्यांवरून ते चित्र काढले ते मात्र स्वतःच्या खणात कुलूपबंद ठेवावयाचे, अशी वहिवाट पुष्कळ ठिकाणी होती. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या घराण्यांचे दप्तर मिळविण्यासाठी गावोगाव हिंडले, त्यांस जी वृत्ती आडवी आली ती प्रयोगशाळेतही होतीच: कागद कसरीने खाल्ला तरी चालेल, पण परक्याच्या हाती जाता कामा नये! अखेर शास्त्रज्ञांतूनच तक्रारीचा सूर उमटला, १९८९ साली स्फटिकशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने सामग्री दाखल करण्याविषयी नियम घालून दिले, आणि नियतकालिकांच्या संपादकांनी क्रमाक्रमाने असा दंडक केला, की निबंध छापून हवा असेल तर आधी सामग्री रुजू करून दाखल-क्रमांक आणावा. विद्वानांस उपदेश पचत नाही. पण निबंध परत येण्याचे भय पचते. आज त्या भांडारात दोन लाखांहून अधिक रचना आहेत, आणि दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रथिनाची परीक्षा मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ साली सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या आलेखाच्या कसोटीवर अद्यापही होते. 'अल्फाफोल्ड' ही संगणकप्रणाली प्रथिनाच्या नुसत्या क्रमावरून त्याची रचना वर्तविते, आणि तिच्या कर्त्यांस २०२४ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. यंत्राच्या बुद्धीची वाहवा झाली ती यथायोग्यच. परंतु ते यंत्र शिकले ते या अर्धशतकाच्या दप्तरावर, हे सांगणारे थोडे निघाले.

मानवी जनुकसंचयाच्या प्रकल्पात तर हा दंडक अधिकच कडक झाला. १९९६ साली बर्म्युडा बेटावर जमलेल्या शास्त्रज्ञांनी ठरविले, की जुळविलेला क्रम शक्यतो चोवीस तासांच्या आत सर्वांस खुला करावयाचा. हाच क्रम वर्गणीदारांस विकू पाहणारी एक खाजगी कंपनीही पुढे मैदानात उतरली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या ठरावाचे मोल कळते. २०२० च्या जानेवारीत शांघायचे झांग योंगझेन यांनी जुळविलेला नव्या करोना विषाणूचा सुमारे तीस हजार अक्षरांचा क्रम सिडनीचे एडवर्ड होम्स यांच्या हस्ते ११ तारखेस जगापुढे आला, आणि विषाणूचा नमुना हाती नसतानाही लसींचे आराखडे दोन-चार दिवसांत तयार होऊ लागले. केरळातील पहिल्या रुग्णांच्या नमुन्यांतील विषाणूचे क्रम आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने जुळवून तसेच जागतिक भांडारात दाखल केले.

आता देखभालीविषयी. जिनिव्हाचे अमोस बैरोक यांनी १९८६ साली आरंभिलेल्या 'स्विस-प्रॉट' या संग्रहाची ख्याती अशी, की त्यातील नोंद जाणत्या माणसाने वाचून, पारखून मगच केलेली असावयाची. दहा वर्षांत तो जगभरच्या प्रयोगशाळांचा आधार झाला, आणि नेमक्या त्याच वेळी, १९९६ साली, त्याचे अनुदान आटून तो बंद पडण्याची वेळ आली. नवे यंत्र घेण्यास सरकारे पैसा देतात, कोनशिला बसविण्यास त्याहून आनंदाने देतात. नोंदी तपासणाऱ्याच्या वेतनाची कायम तजवीज करावयाची म्हटली, की खजिन्याची किल्ली सापडत नाही. देशोदेशींच्या संशोधकांनी ओरड केली म्हणून तो संग्रह तगला, आणि त्याच्या रक्षणार्थ १९९८ साली स्वित्झर्लंडात एक स्वतंत्र संस्थाच निघाली.

हिंदुस्थानात या कामाचा प्रारंभ उशिरा झाला असे म्हणता येणार नाही. १९८७ च्या सुमारास पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र निघाले आणि डॉ. अशोक कोळसकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्राणिविषाणूंचा माहितीसंग्रहही सिद्ध झाला. मात्र सर्व देशाच्या जैविक सामग्रीचे एक मध्यवर्ती दप्तर फरीदाबादेस उघडण्यास २०२२ साल उजाडावे लागले. तोवर आपली सामग्री आपण अमेरिका, युरोप वा जपान येथील भांडारांत दाखल करीत होतो. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचयांची सामग्री आता फरीदाबादेस ठेविलेली असून २०२५ च्या जानेवारीत ती संशोधकांस उपलब्ध झाल्याचे घोषित झाले. माणसांच्या जनुकांची सामग्री विषाणूच्या क्रमाप्रमाणे सरसहा उघडी टाकता येत नाही, अर्ज आणि परवानगी हवीच, हे मला मान्य आहे. परंतु परवानगीचा कागद टेबलामागून टेबल फिरत राहिला, तर दप्तर असून नसल्यासारखे होईल. म्हणून माझी सरकारास आणि विद्यापीठांस एवढीच विनंती आहे, की नोंदी पारखणाऱ्यांची पदे कायम करावीत, बढतीच्या वेळी त्यांचे काम निबंधाच्या बरोबरीने धरावे, आणि अर्जाचा निकाल किती दिवसांत लागेल ते अर्जाच्या माथ्यावरच छापावे.