बेगमी कुणाची?

(नाशिकमध्ये तरुणांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर माझं काम एकाच प्रश्नाभोवती फिरतं : हे बंद पडलं तर काय? एक सर्व्हर बसला तर दुसरा कुठे आहे, डेटा उडाला तर त्याची प्रत कुठे ठेवली आहे, वीज गेली तर यंत्रणा किती वेळ चालेल. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी बसल्या बसल्या हाच प्रश्न मला आमच्या घराबद्दल पडायला लागला. मग रात्र रात्र यूट्यूब. कुणी अमेरिकन माणूस तळघरात रचलेले धान्याचे डबे दाखवायचा, कुणी जंगलात चकमकीने आग पेटवून दाखवायचा. या नादात दोन शब्द कळले, प्रेपर आणि सर्व्हायव्हलिस्ट. पुष्कळ लोक ते एकाच अर्थाने वापरतात. पण त्यांत फरक आहे, आणि तो आपल्या मोहल्ल्याच्या कामाचा आहे, म्हणून आज त्याबद्दल बोलतो.

प्रेपर म्हणजे तयारी करून ठेवणारा. तो धरून चालतो की संकट येईल, काही दिवस किंवा काही महिने राहील आणि मग गाडी पुन्हा रुळावर येईल. मधला काळ निभावून न्यायचा आहे. म्हणून तो पाणी, धान्य, औषधं, बॅटऱ्या साठवतो. शक्यतो घर सोडत नाही.

सर्व्हायव्हलिस्ट म्हणजे तगून राहणारा. गाडी रुळावर येणारच नाही, असं तो धरून चालतो. सरकार नाही, बाजार नाही, दवाखाना नाही. मग साठा किती दिवस पुरणार? म्हणून त्याचा भर वस्तूंपेक्षा कौशल्यांवर असतो : पाणी शोधणं, शिकार करणं, निवारा बांधणं, जखम शिवणं. पाठीवर मावेल तेवढंच सामान घ्यायचं आणि माणसांपासून लांब जायचं.

नाशिकचंच उदाहरण घ्या. गोदावरीला पूर आला की आपण विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत? तीच आपली मोजपट्टी. २००८ आणि २०१६ साली पाणी सराफ बाजार, भांडी बाजारापर्यंत शिरलं होतं. नदीकाठचा प्रेपर जून उजाडायच्या आत सामान माळ्यावर चढवेल, पिण्याचं पाणी भरून ठेवेल आणि पूर ओसरायची वाट बघेल. सर्व्हायव्हलिस्ट पाठीवर पिशवी टाकून त्र्यंबकच्या डोंगरांकडे निघेल. पूर ओसरेल यावर पहिल्याचा विश्वास आहे. दुसऱ्याचा विश्वास फक्त स्वतःच्या हातापायांवर.

यातला सर्व्हायव्हलिस्ट आधीचा. अमेरिकेत १९७० च्या दशकात, अणुयुद्धाची भीती आणि १९७३ चं तेलसंकट यांच्या सावलीत तो शब्द रुळला. प्रेपर हा शब्द घरोघरी पोचला तो नंतर, २०१२ मध्ये नॅशनल जिओग्राफिक वाहिनीवर 'डूम्सडे प्रेपर्स' ही मालिका सुरू झाल्यावर. मधल्या काळात आमच्या धंद्यातली एक गोष्ट घडली. जुन्या संगणकांत वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं असायचं, म्हणून २००० साल उजाडताच बँका, विमानं, वीज सगळं कोलमडेल अशी भीती पसरली. अमेरिकेत अनेकांनी घरात महिनोन्महिन्यांचं धान्य भरलं. प्रत्यक्षात फारसं काही बिघडलं नाही. लोक म्हणाले, अफवाच होती. अफवा नव्हती. जगभरच्या प्रोग्रामरांनी, त्यांत हजारो भारतीय होते, आधीची काही वर्षं खपून एकेक ओळ तपासली होती. म्हणजे जग वाचलं ते घरातल्या डब्यांमुळे नाही. नावही माहीत नसलेल्या लोकांनी सगळ्यांसाठी केलेल्या तयारीमुळे. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी त्याकडे परत येणार आहे.

हे व्हिडिओ बघून मी यादी केली आणि मोठ्या उत्साहाने अम्मीला वाचून दाखवली. ती हसली. म्हणाली, यात नवीन काय आहे? आणि खरंच नव्हतं. उन्हाळ्यात वर्षाचे गहू घेऊन, ऊन देऊन, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरायचे, गच्चीवर शेवया, पापड, कुरडया वाळवायच्या, हे आपल्याकडे हिंदूच्या घरात होतं तसं मुसलमानाच्या घरातही होतं. कोकणात पावसाळ्याआधी तांदूळ, सुकी मासळी, सरपण भरून ठेवतात, त्याला आगोट म्हणतात. आणि या सगळ्याला मराठीत एक सुंदर शब्द आहे : बेगमी. तो फारसीतून आला. बे-गम, म्हणजे चिंता नसलेला. ज्या साठवणीमुळे घरातल्या माणसाला घोर राहत नाही ती बेगमी.

पण साठवणीला अक्कलही लागते. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची जुनी पद्धत होती. पेवातली हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं. कोरड्या काळासाठी उत्तम असलेली सोय पुरापुढे टिकली नाही. तेव्हा पहिला धडा हा की अमेरिकेची यादी उतरवून घेऊ नका. आपल्या जागेवर काय येऊ शकतं ते आधी बघा.

आता तगून राहण्याबद्दल. महाराष्ट्रात तगणं म्हटलं की घरातली म्हातारी माणसं बहात्तरचा दुष्काळ सांगतात. मिलोच्या भाकरी, सुकडी, खडी फोडणं. त्या लोकांकडे कौशल्य कमी नव्हतं. कोणता पाला खाता येतो, कुठल्या ओढ्यात झिरा खोदला तर पाणी लागतं, हे त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळत होतं. तरी ते तगले ते केवळ त्या कौशल्यावर नाही. दुष्काळी कामं निघाली, लाखो लोकांना त्यांवर मजुरी मिळाली. त्या अनुभवातून रोजगार हमीचा पाया पक्का झाला आणि १९७७ मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला. काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारवर बंधन झालं. मी त्याला अख्ख्या राज्याची बेगमी म्हणतो.

आता माझी स्वतःची गोष्ट. सांगायला सोपी नाही.

एप्रिल २०२१. नाशिकमध्ये खाट मिळत नव्हती, ऑक्सिजन मिळत नव्हता, दुकानांतून ऑक्सिमीटर गायब झाले होते. माझ्याकडे तीन होते. आदल्या वर्षी, स्वस्त असताना, यादीप्रमाणे घेऊन ठेवलेले. एका रात्री खालच्या मजल्यावरच्या काकांच्या मुलीने दार वाजवलं. पप्पांना धाप लागतेय, तुमच्याकडे ते बोटाला लावायचं यंत्र आहे का? मी दारातच म्हणालो, एकच आहे, अब्बांना लागतं. ती गेली.

मी खोटं बोललो होतो. आणि त्या क्षणी मला ते खोटं वाटलंच नाही, नियोजन वाटलं. एक अब्बांना, एक अम्मीला, एक बिघडला तर जास्तीचा. इंजिनिअरचा हिशोब.

अम्मीने आतून ऐकलं होतं. तिने कपाट उघडलं, एक यंत्र घेतलं, तोंडावर ओढणी बांधली आणि खाली गेली. काकांची पातळी ८४ निघाली. त्याच रात्री त्यांना हलवलं. ते वाचले, आजही जिन्यात भेटले की माझी चौकशी करतात. अम्मी वर आल्यावर एवढंच म्हणाली, "डबा भरायला शिकलास. उघडायला कधी शिकणार?"

त्याच महिन्यात, २१ एप्रिलला, आपल्या महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली. वॉर्डांतला पुरवठा तुटला. त्या दिवशी तिथे २२ रुग्ण गेले. तुमच्यापैकी काहींच्या ओळखीतलं कुणी त्यांत असेल. आमच्या भाषेत याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात : एक जागा, जी तुटली की सगळंच तुटतं. मी त्या रात्री खूप विचार केला. घरात कितीही साठा असता तरी त्या २२ जणांच्या काय कामाचा होता? जंगलात आग पेटवता येत असती तरी काय उपयोग होता? तिथे हवी होती ती दुसरी टाकी, दुसरी नळी, आणि या गोष्टींची आधीच विचारणा करणारे नागरिक.

म्हणून माझं म्हणणं असं. प्रेपर आणि सर्व्हायव्हलिस्ट यांच्यात फरक मोठा आहे, पण एक गोष्ट दोघांत सारखी असू शकते. दोघंही दार लावून घेऊ शकतात. एक आत राहून, एक निघून जाऊन.

आणि इथे मला आपल्याबद्दल बोलायचं आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांनी सर्व्हायव्हलिस्ट हा शब्दही ऐकलेला नसेल, पण मन तसंच झालं आहे. आपल्यासाठी कुणी येणार नाही, कार्यालयात कुणी ऐकणार नाही, आपण आपलं बघावं. असं का वाटतं ते मला कळतं. ते अनुभवातून आलं आहे, त्याला मी हसणार नाही. पण व्यवस्था संपली आहे असं धरून चालणारा माणूस व्यवस्थेला प्रश्न विचारायचं सोडून देतो. मग त्याच्या वॉर्डातला नाला तसाच तुंबतो, त्याच्या दवाखान्यातली नळी एकच राहते, आणि शेवटी त्याचीच भीती खरी ठरते.

हजरत युसूफांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, ती बायबलमध्येही आहे. सात वर्षं सुकाळाची, सात दुष्काळाची. कुरआनात तर साठवणीची रीतही आहे : दाणे कणसातच राहू द्या. पण ते धान्य त्यांनी स्वतःच्या घरात भरलं नाही. ते अख्ख्या देशासाठी होतं, आणि दुष्काळात परमुलखातून आलेल्यांनाही त्यातून मिळालं. विहिरीत टाकणारे भाऊ आले, त्यांनाही.

मग करायचं काय? प्रेपरकडून साठा घ्या. माणशी रोज चार लिटर या हिशोबाने तीन दिवसांचं पाणी. रोजची औषधं दोन आठवडे पुरतील इतकी. टॉर्च, पॉवर बँक, थोडी रोकड. आधार, रेशन कार्ड, जन्माचे दाखले, घराचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, त्यांच्या प्रती दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. आपल्यासाठी कागद किती महत्त्वाचे आहेत हे मी सांगायला नको.

सर्व्हायव्हलिस्टकडून कौशल्य घ्या. छाती दाबून श्वास परत आणण्याचं प्रथमोपचार, रक्तस्राव थांबवणं, गॅस बंद करणं, पोहणं. मुलींनीही, आणि अम्मीनेही.

पण दोन्ही घेऊन दार उघडं ठेवा. आपल्या इमारतीत जिना उतरू न शकणारं कोण आहे, एकटं कोण राहतं, कुणाला रोज इन्सुलिन लागतं, याची एक वही करा. त्या वहीत सगळ्या मजल्यांची नावं असू द्या, फक्त आपल्यातली नकोत. १९९५ मध्ये जपानच्या कोबे शहरात भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्याखालून वाचलेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं. बचावपथक कितीही चांगलं असलं तरी पहिला तास शेजाऱ्याचा असतो.

त्यानंतरचा तास व्यवस्थेचा. १०८ रुग्णवाहिकेसाठी, ११२ तातडीच्या मदतीसाठी, १०७७ जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी. हे नंबर फोनमध्ये आणि जिन्यातल्या भिंतीवर दोन्हीकडे हवेत, कारण फोनची बॅटरी संपते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण केलं आहे, 'आपदा मित्र' नावाने स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्याची योजना आहे. त्यात नाव द्या. वॉर्डाच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारा : पुरात आमच्या वस्तीने जायचं कुठे? दवाखान्यात ऑक्सिजनची दुसरी सोय आहे का? अर्जाची पोच घ्या. तीही बेगमीच आहे.

आमच्या घरात आज दोन ऑक्सिमीटर आहेत. तिसरा अजून काकांकडे आहे. मी मागितला नाही, त्यांनी परत केला नाही, आणि इमारतीत कुणाला लागला तर तो कुठे आहे हे सगळ्यांना माहीत आहे.