मार्जरी साइक्स : सेवाग्रामच्या शिक्षिका



वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचे नाव घेतले की गांधीजी आठवतात. तेथे शिक्षक घडविणाऱ्या एका इंग्रज विदुषीची ओळख मात्र फार थोड्यांना असते. मार्जरी साइक्स त्यांचे नाव.

जन्म १९०५ चा, यॉर्कशायरमधील कोळसा खाणींच्या मुलखातला. केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकून १९२८ साली त्या मद्रासला मुलींच्या शाळेत शिकवायला आल्या. पुढे त्या क्वेकर झाल्या. हा ख्रिस्ती धर्मातील लहानसा पंथ. इंग्लंडमधील क्वेकरांत पाद्री नसतो. सर्वांनी मिळून शांत बसायचे, हीच उपासना. आणि युद्धाला साफ नकार! १९३९ मध्ये त्या शांतिनिकेतनात गेल्या. बंगाली त्या अशा शिकल्या की रवींद्रनाथांची नाटके त्यांनी इंग्रजीत आणली. आपल्याकडे शेजाऱ्याची भाषा शिकायलाही आपण कंटाळतो, हे जाता जाता सांगतो.

स्वातंत्र्यानंतर त्या सेवाग्रामला नई तालीमच्या शिक्षक-प्रशिक्षणाचे काम पाहू लागल्या. ही योजना आपल्याला परकी नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जन्माने हैदराबादचे. मूल सूत कातते, तेव्हा तार मोजताना गणित येते, कापसावरून जमीन आणि पाऊस कळतो, कापडाच्या व्यापारातून इतिहास उलगडतो. शिकायचे मातृभाषेत. "आमच्या मुलांनी काय चरखाच फिरवायचा?" असे पालक विचारतील. ही शंका रास्त आहे. शाळेचा खर्च मुलांच्या कामातून निघावा यावर फार भर दिला, तर गरिबांच्या मुलांची पिळवणूक होईल, असा इशारा खुद्द झाकिरसाहेबांनी त्याच परिषदेत दिला होता. माझ्या मते, सरकारी शाळांत ही योजना रुजली नाही त्याचे मोठे कारण शिक्षकच तयार नव्हते, हे आहे. मार्जरीबाई नेमके तेच काम करीत होत्या.

१९६४ मध्ये नागालँडमध्ये शस्त्रसंधी झाली. ती पाळली जाते की नाही हे पाहणाऱ्या पथकात साठीला आलेल्या या बाई होत्या. बंदूकधारी दोन्ही बाजूंना होते. यांच्या हाती काहीच नव्हते.

१९९५ साली इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. सेवाग्रामच्या पन्नास वर्षांच्या शिक्षणकार्याचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला आहे. तो १९८८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या ८३ वर्षांच्या होत्या.