लॅपटॉपची निवड : बांधणी, क्षमता आणि किंमत

(धर्माबाद येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीचे पोते उघडले की जाणता खरेदीदार आधी काट्याकडे पाहत नाही. तो मूठभर मिरची हातात घेतो, देठ पाहतो, एखादी मोडून पाहतो, ओलीचा अंदाज घेतो. ओल्या मालाचे वजन अधिक भरते आणि साठवणीत तोच माल काळा पडतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु हाच गृहस्थ, मुलीला नांदेडच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला म्हणून लॅपटॉप घेण्यास जातो, तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापलेले आकडे वाचून सौदा करतो. रॅम किती, साठवण किती, सूट किती, एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची असते. दुसऱ्याच वर्षी यंत्र मोडले तर पुन्हा तेवढीच रक्कम उभी करणे हंगामावर अवलंबून असलेल्या घराला सोपे नसते.

बांधणी, क्षमता आणि किंमत या तिहींचा मेळ घालण्याचा मोठा प्रयोग या शतकाच्या आरंभी झाला. निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ साली मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली. त्यातून निघालेले ‘एक्सओ’ नावाचे हिरवे-पांढरे यंत्र २००७ साली रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात येथील लहानशा शाळेत प्रायोगिक तत्त्वावर मुलांच्या हाती देण्यात आले. त्याचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्‌झचा, रॅम २५६ मेगाबाइट. त्या काळच्या बाजारातही हे आकडे किरकोळच होते. मात्र त्यात पंखा नव्हता, फिरणारी हार्ड डिस्क नव्हती, कळफलक एकसंध रबराचा होता, पडदा उन्हात वाचता येई आणि दोन्ही बाजूंचे अँटेना मिटले की जोडणीची छिद्रे झाकली जात. जे भाग प्रथम बिघडतात तेच शक्यतो काढून टाकावयाचे, असा तो विचार होता. किंमत मात्र शंभरावर राहिली नाही. ती १८८ डॉलरच्या आसपास गेली. उरुग्वे या देशाने ही यंत्रे शाळाशाळांतून वाटली. तेथेही पडदे फुटलेच, आणि दुरुस्तीची स्वतंत्र व्यवस्था गावोगाव न्यावी लागली.

आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ हा टॅब्लेट प्रकाशात आला. शासनाला तो सुमारे २,२५० रुपयांस पडत होता. ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि जोराने दाबावा लागणारा पडदा यांमुळे विद्यार्थी नाराज झाले. प्रकल्प सांभाळणाऱ्या राजस्थानच्या आयआयटीने कणखरपणाच्या कडक कसोट्यांचा आग्रह धरला आणि त्यावरून उत्पादकांशी मतभेद झाले. पुढे हे काम मुंबईच्या आयआयटीकडे गेले व ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सुधारित आवृत्ती निघाली. किंमत आधी ठरवून गुणवत्ता त्यात बसवावयाची म्हटले, की ओढाताण कोठे होते ते येथे स्पष्ट दिसते.

आता बाजारातील यंत्राकडे वळू. स्वस्त लॅपटॉपची पहिली शिकार म्हणजे बिजागरी. पडदा उघडताना सगळा ताण दोन बिजागऱ्यांवर येतो. त्यांचे स्क्रू बहुधा प्लॅस्टिकमध्ये बसविलेल्या लहान पितळी नळ्यांत आवळलेले असतात. बिजागरी घट्ट आणि प्लॅस्टिक पातळ असले, की त्या नळ्या उपटून येतात, कवच फाटते, आणि हमी देणारा त्यास ‘बाह्य इजा’ म्हणून मोकळा होऊ शकतो. म्हणून दुकानातच पडदा एका कोपऱ्याला धरून सावकाश उघडून पाहावा. तो पिळवटतो की सरळ येतो हे ध्यानी येते. कळफलकाच्या मध्यभागी बोट दाबून तो किती खचतो तेही पाहावे. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, तर घालू द्याव्यात.

धर्माबादच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत : ऊन आणि धूळ. बहुतेक कंपन्या आपल्या यंत्रासाठी सभोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत योग्य मानतात. नांदेड जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे सहज जातो. यंत्रात हवा खालून आत जात असेल, तर गादीवर ठेवून अभ्यास करणाऱ्याने ती वाटच बंद केली असे समजावे. मिरचीच्या कांडपाजवळ घर असेल तर पंख्यात काय साचेल हे येथल्या रहिवाशांना सांगणे नको. तेव्हा मागचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडते काय, पंखा साफ करता येतो काय, हा प्रश्न येथे अतिशय महत्त्वाचा. उष्णतेने आणि सतत पूर्ण भरलेली ठेवल्याने बॅटरीही लवकर म्हातारी होते; अनेक यंत्रांत ८० टक्क्यांवर भरणे थांबविण्याची सोय असते, ती चालू करावी.

खोक्यावरील चिन्हांचा अर्थही नीट लावावयास हवा. भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी विद्युत सुरक्षिततेची ग्वाही देते. बिजागरीच्या आयुष्याची नव्हे. ‘मिल-एसटीडी-८१०’ हे अमेरिकी लष्करी मानक जाहिरातीत मिरवले जाते. त्यात चार फुटांवरून २६ वेळा पाडण्याची कसोटी आहे खरी, पण मानकात कसोट्या पुष्कळ आहेत आणि त्यांतील कोणत्या घ्यावयाच्या हे उत्पादकच ठरवितो. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणे बंधनकारक झाले. त्या गुणांचा मान दहापैकी असतो. असा आकडा ग्राहकाच्या खऱ्या उपयोगाचा.

क्षमता गौण आहे असा याचा अर्थ नव्हे. रॅम मदरबोर्डवरच डाखलेली असेल तर ती पुढे वाढविता येत नाही. अशा वेळी आरंभीच पुरेशी घ्यावी. साठवण मात्र बदलता येण्याजोगी असल्यास कमी घेऊन भागते, आणि वाचलेले पैसे भक्कम कवचात घालावेत. कार्यालयांतून वापरून दुरुस्त केलेली जुनी यंत्रे हाही मार्ग आहे. त्यांची बांधणी बहुधा उत्तम असते व सुटे भाग मिळतात. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आहे. घेतलेले यंत्र विंडोज ११ ला पात्र आहे किंवा नाही हे तपासल्याविना पैसे देऊ नयेत.

हमी घरपोच आहे की यंत्र घेऊन नांदेडला किंवा सीमेपलीकडे निजामाबादला जावे लागेल, हे पावतीवर लिहून घ्यावे. परीक्षेच्या आठवड्यात यंत्र बंद पडले तर रेल्वेने जाण्यायेण्याचा एक दिवस आणि दुरुस्तीचे पुढचे दिवस, हेही किमतीतच धरावयाचे असतात.