मातीचे रक्षण, पाण्याचा संचय



सौंसर-पांढुर्णा हा सातपुड्याच्या उताराचा भाग संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात विहीर आटली की बाग वाचविण्यासाठी आपण कूपनलिका खोदतो. परंतु कूपनलिका पाणी निर्माण करीत नाही. जमिनीत मुरलेले पाणीच ती उपसते.

१ एकर शेतावर १ इंच पाऊस पडला, तर सुमारे १ लाख लिटर पाणी मिळते. नांगरट उताराच्या दिशेने असेल, तर प्रत्येक तास त्या पाण्याची वाट बनते. सुपीक माती घेऊन ते जाम व कन्हान नद्यांना मिळते. पावसाळ्यातील गढूळ नाला म्हणजे आपलेच वाहून चाललेले शेत होय!

यास्तव उताराला आडवी नांगरट व पेरणी करावी, समपातळीवर बांध घालून त्यांवर गवत राखावे. मात्र वरच्या शेतातील पाणी मोकाट सुटल्यास खालच्याचा बांध टिकत नाही. म्हणून हे कार्य संपूर्ण गावाचे आहे. महाराष्ट्रातील हिवरे बाजारने १९९० नंतर पाणलोटाची कामे केली, त्याचबरोबर सिंचनासाठी कूपनलिकांवर बंदीही घातली. तेथील विहिरींना पुन्हा पाणी आले.

पहिल्या पावसात आपापल्या धुऱ्यावर उभे राहून पाणी कोठून निसटते, एवढे अवश्य पाहावे. कार्याचा प्रारंभ तेथूनच व्हावा.