भिंतीवर आपलं काय लिहायचं?

(कवठे येमाई येथील बैठकीत झालेलं भाषण)



मृगाच्या तोंडावर गावोगावच्या भिंती रंगतात. त्यांवर कपाशीचं बियाणं असतं, औषधं असतात. मालदांडी ज्वारी नसते. मालदांडीचं बी घरच्या कणगीतून निघतं, त्यात कोणाला कमिशन नाही. विकणाऱ्याचा फायदा नसेल त्या गोष्टीला भिंत मिळत नाही. तो निरोप आपणच पोचवायचा.

तो न पोचल्याची किंमत आपण मोजली आहे. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बोंडअळीपासून सुटका, ही गोष्ट वाड्यावस्त्यांपर्यंत गेली. पण ४५० ग्रॅमच्या त्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी येई. ती कडेनं लावली तर बीटीला दाद न देणाऱ्या अळीची पैदास लांबते, हे किती जणांच्या कानी गेलं? बहुतेक पुड्या पेरल्याच गेल्या नाहीत. त्यात फरदडीनं अळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळालं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भ-मराठवाड्यातली बोंडं पोखरली.

जाहिरात करणाऱ्यांकडून शिकण्यासारखं आहे. ऐकणाऱ्याच्या मनात आधीच सलतं आहे तिथं ते बोट ठेवतात. आपणही हे केलं आहे. शेजारच्या खेड तालुक्यात, चाकणला, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १९८० साली कांद्यासाठी रस्ता अडवला गेला. उत्पादनखर्चाचं अर्थशास्त्र पाच शब्दांत मावलं: ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. घाम प्रत्येकाच्या अंगावर होता, म्हणून घोषणा तोंडी बसली. छातीवरचा लाल बिल्ला पाहून अनोळखी माणूसही आपला वाटू लागला.

दुसरं, एका वेळी एकच काम सांगावं. ‘आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यास उपाययोजना करावी’ हे वाचून कोण हलणार? त्याऐवजी सांगा: हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा, एका सापळ्यात रोज ८ पतंग, असे सलग ३ रात्री सापडले की फवारणीचं बघा. ज्याला मोजता येतं, त्याला हे करता येतं.

तिसरं या गावातच आहे. इथले लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर २०२१ साली गेले. त्यांनी तमाशाच्या फडांसाठी वग लिहिले. हुंडा, व्यसन अशा विषयांवर लोकजागृतीही केली. तमाशात आधी गण, गौळण, बतावणी, मग वग. माणूस हसला, मांडी घालून बसला, की जड गोष्टही ऐकतो. आपण मात्र माईक हाती येताच ठराव वाचायला लागतो.

एका बाबतीत आपण जाहिरातवाल्यांच्या मागं जायचं नाही. त्यांची जीप हंगामानंतर गावात दिसत नाही. आपल्याला त्याच पारावर बसायचं आहे. म्हणून तोटाही सांगायचा. फरदड मोडली की शेवटच्या वेच्याचे पैसे जातात, हे आपणच आधी सांगू. मग का मोडायची, हेही लोक ऐकतील.

कापूसपट्ट्यातल्या कार्यकर्त्यांनी दिवाळीआधी गावात एक भिंत मागून घ्यावी आणि त्यावर एवढंच लिहावं:

‘डिसेंबरअखेर कपाशी मोडा, पुढच्या सालचं बोंड वाचवा.’