गर्दीच्या सर्व्हरवरील जोडण्यांची तपासणी

(सिकंदराबाद येथे संगणक-व्यवस्था सांभाळणाऱ्या मराठी कर्मचाऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



रेल्वे आरक्षणाची पाच प्रमुख संगणक केंद्रे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि आपल्या या सिकंदराबादेत उभी राहिली व १९९९ मध्ये ती परस्परांशी जोडली गेली. त्यामुळे नांदेडच्या खिडकीवर उभ्या असलेल्या प्रवाशाला दूरच्या गाडीचेही तिकीट मिळू लागले. अशी लोकसेवा ज्या संगणकावर अवलंबून असते, त्यास सर्व्हर म्हणतात. तो मंदावला की रांग खोळंबते. म्हणून त्याची तपासणी करताना त्याच्यावर आणखी भार पडू नये, हे पथ्य प्रथम पाळावे.

सर्व्हरला ० ते ६५,५३५ अशा क्रमांकांच्या खिडक्या असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. ज्या खिडकीवर सेवा वाट पाहत बसलेली असते, ते ऐकणारे पोर्ट होय. लिनक्स प्रणालीत यांची यादी पाहण्यास पूर्वी 'नेटस्टॅट' ही आज्ञा वापरीत. ती प्रणालीने लिहून दिलेला मजकूर ओळीओळीने वाचते. जोडण्या हजारोंनी असल्या की विलंब लागतो. 'एसएस' ही नवी आज्ञा प्रणालीच्या गाभ्याकडेच थेट विचारणा करते, आणि हव्या त्याच अवस्थेतील जोडण्या मागू शकते.

क्रम असा ठेवावा. प्रथम 'एस' हा पर्याय देऊन केवळ एकूण संख्या पाहावी. नंतर 'एल', 'टी' व 'एन' हे पर्याय देऊन ऐकणारी टीसीपी पोर्टे पाहावीत. यांतील 'एन' विसरू नये. तो नसल्यास क्रमांकांऐवजी नावे शोधण्यात वेळ जाऊ शकतो. कोणत्या कार्यक्रमाने पोर्ट उघडले, हे सांगणारा 'पी' पर्याय सर्व चालू कार्यक्रम धुंडाळतो. म्हणून तो शेवटी, गरजेपुरताच वापरावा.

ऐकणाऱ्या पोर्टासमोर दोन आकडे दिसतात. पहिला, खिडकीशी ताटकळत असलेल्या जोडण्यांचा. दुसरा, रांगेच्या कमाल मर्यादेचा. पहिला दुसऱ्यास भिडू लागला, तर दोष बहुधा तारेचा नसून आतील सेवेचा आहे, असे समजावे.

आता सुरक्षिततेविषयी. पत्ता १२७.०.०.१ असेल तर ती खिडकी त्याच यंत्रापुरती उघडी असते; ०.०.०.० असेल तर ती यंत्राच्या सर्व जोडण्यांवर उघडी असते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा उपद्रवी कार्यक्रम ४४५ क्रमांकाच्या पोर्टातून विंडोज संगणकांत शिरला आणि ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. दुरुस्ती त्यापूर्वीच, मार्चमध्ये उपलब्ध झाली होती.

तेव्हा आपल्या कार्यालयात कोणती पोर्टे उघडी असावीत, याची एक लेखी यादी ठेवा आणि प्रत्यक्षाशी ती नियमाने ताडून पाहा. अनावश्यक खिडकी बंद करणे व आवश्यक खिडकीपुढील रांग वाहती ठेवणे, हे दोन्ही लोकसेवेचेच काम आहे.