भिंतीवरचा ठिपका

चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे झाला. त्या काळी तो मुलूख आणि आपले अमरावती-अकोला मध्यप्रांत-वऱ्हाड या एकाच प्रांतात होते. शाळेत चित्त ठरेना, म्हणून गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे पाहत बसावयास सांगितले. पुढे नागपूर, मुंबई आणि १९५० साली फ्रान्स. कीर्ती लाभली, तथापि १९७० नंतर आपल्या चित्रांत आपला देश कोठे आहे, हा प्रश्न त्यांस छळू लागला. तेव्हा तो ठिपका आठवला आणि ‘बिंदू’ होऊन चित्रांत कायमचा वसला.

वऱ्हाडातील एखाद्या चित्रकाराचा कुंचला अडला, तर त्यानेही पोळ्याच्या बैलांची रंगविलेली शिंगे, कपाशीच्या शेताची काळी माती आठवावी आणि त्यांतील एकच गोष्ट मन स्थिरावेपर्यंत पाहत राहावी.